चालीखालचे सूर : योहान सेबास्टिअन बाख याचें चरित्र

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांतून जीं गीतें गाइलीं जातात त्यांचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग देशी चालींचा. रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं आपल्या अभंगांनीं व भजनांनीं ख्रिस्ताची भक्ति मराठी माणसाच्या कंठांत नेऊन बसविली. तीं गीतें सर्वांनीं मिळून एकाच चालीवर, टाळ व पेटी यांच्या साथीनें म्हणावयाचीं. दुसरा वर्ग पाश्चात्य चालींचा. त्यांत स्त्रिया, पुरुष व मुलें एकाच वेळीं निरनिराळे सूर धरितात, आणि तरीहि ऐकणारास गीत एकच वाटतें. या दुसऱ्या प्रकारच्या गीतावर कवीचें नांव छापलेलें असतें, चालीचेंहि नांव असतें. पण चालीखालचे सूर कोणीं शोधून बसविले याची चौकशी करणारा विरळाच. आम्ही या लेखांत ज्याचें चरित्र सांगणार आहों, तो पुरुष या सूर शोधण्याच्या कलेंत आजवर सर्वांचा गुरु ठरला आहे. त्याचें नांव योहान सेबास्टिअन बाख.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं ही कला म्हणजे काय, हें थोडक्यांत पाहूं. नाहींतर बाखनें आयुष्यभर काय केलें हें कळणार नाहीं. पेटीवर सा, ग, प हे तीन सूर एकदम दाबले असतां जो गोड मेळ ऐकूं येतो, त्यास आपण स्वरसंघ म्हणूं. म, ध, सा हा दुसरा स्वरसंघ. ध, सा, ग हा तिसरा. आतां एखाद्या चालींत सा हा सूर आला, तर त्याच्याखालीं कोणता संघ ठेवावा? तिन्हींपैकीं कोणताहि ठेवतां येईल, कारण सा हा तिघांतहि आहेच. परंतु परिणाम मात्र एक नाहीं. पहिल्या संघांत तो सूर आपल्या घरीं येऊन विसावल्यासारखा वाटतो; दुसऱ्यांत अजून वाट चालावयाची उरली आहे असें भासतें; तिसऱ्यांत त्याच सुरावर विषादाची छाया पडते. चाल बदलली नाहीं, सूर बदलला नाहीं, पण त्याचा अर्थ बदलला.

याप्रमाणें चालींतील प्रत्येक सुरास निदान तीन घरें मोकळीं असतात. त्यांतील कोणतें द्यावें हें ठरवितांना मागचा संघ कोणता होता, पुढें कोठें जावयाचें आहे, ओळ कोठें थांबते आणि शब्द काय सांगतात, या सर्वांचा विचार करावा लागतो. ओळ संपतांना प, नी, रे या संघावरून सा, ग, प या संघावर उतरलें म्हणजे वाक्याच्या शेवटीं पूर्णविराम दिल्याप्रमाणें मनास स्वस्थता येते. शिवाय हे सूर चार आवाजांत वांटून द्यावयाचे असतात. सर्वांत वरचा आवाज सोप्रानो, तो चाल गातो. त्याखालीं आल्टो, त्याखालीं टेनर, आणि सर्वांच्या पायाशीं बास. या चौघांपैकीं प्रत्येकाची ओळ वेगळी काढून गाइली तरी ती गाण्याजोगी असली पाहिजे. कोणत्याहि दोन आवाजांनीं सा आणि प एवढें अंतर कायम ठेवून जोडीनें पावलें टाकूं नयेत, असाहि एक कडक नियम आहे; कारण तसें झालें कीं त्या दोघांपैकीं एकाचें वेगळेपण नाहींसें होतें. हे सर्व नियम पाळूनहि गाणें निर्जीव होऊं शकतें, आणि तें सजीव करणें हीच बाखची विद्या.

बाखचा जन्म जर्मनींतील थुरिंगिया प्रांतीं आयझेनाख या गांवीं, तेथील त्या काळच्या पंचांगाप्रमाणें २१ मार्च १६८५ रोजीं झाला. याच गांवावरील वार्टबुर्ग किल्ल्यांत मार्टिन लूथरनें १५२१–२२ सालीं नव्या कराराचें जर्मन भाषांतर केलें होतें, आणि ज्या लॅटिन शाळेंत लूथर लहानपणीं शिकला त्याच शाळेंत पुढें बाखहि शिकला. लूथरचा आग्रह असा होता कीं, उपासनेंतील गाणें केवळ पाद्री व गवई यांचें न राहतां सर्व मंडळीचें व्हावें. त्यासाठीं त्यानें लोकांच्या भाषेंत गीतें रचिलीं, व त्यांस सर्वांच्या तोंडीं बसतील अशा चाली मिळाल्या. बाखच्या जन्माच्या वेळीं या चाली तेथील घरोघर आईच्या दुधाबरोबर मुलांस मिळत असत. बाख घराण्यांत तर अनेक पिढ्या संगीताचाच व्यवसाय चालत आला होता. वडील योहान आम्ब्रोसिउस हे नगराचे वाद्यवादक होते, आणि सेबास्टिअन हें त्यांच्या आठ मुलांपैकीं सर्वांत धाकटें.

परंतु हें सुख फार दिवस टिकलें नाहीं. १६९४ सालच्या मे महिन्यांत आई वारली, आणि पुढच्या फेब्रुवारींत वडीलहि गेले. दहा वर्षेंहि पुरीं न झालेला हा पोरका मुलगा ओरड्रूफ येथें आपल्या थोरल्या भावाच्या आश्रयास गेला. हा भाऊ तेथील मंदिरांत ऑर्गन वाजवीत असे, व पाखेलबेल या नामांकित वादकाजवळ शिकलेला होता. त्याच्या कपाटांत मोठमोठ्या रचनाकारांच्या कृतींची एक हस्तलिखित वही होती, ती धाकट्यास पाहावयास मिळत नसे. कपाटास जाळीचें दार होतें. मुलानें जाळींतून आपला बारीक हात आंत घालून वही गुंडाळून बाहेर काढावी, आणि घरांत दिव्याची मुभा नसल्यामुळें चांदण्यांत बसून ती उतरून घ्यावी, असें सहा महिने चाललें. नक्कल पुरी झाल्यावर भावास तें कळलें, आणि त्यानें ती हिरावून घेतली. बाखच्या मृत्यूनंतर त्याच्या एका मुलानें व एका शिष्यानें लिहिलेला जो लेख १७५४ सालीं छापला गेला, त्यांत ही हकीकत नमूद आहे. भावाच्या कठोरपणाचा जो दोष असेल तो असो. पण दुसऱ्याची कृति अक्षरशः उतरून घेऊन तिच्यांतील मर्म ओळखावयाचें, ही जी संवय त्या वेळीं लागली ती बाखनें जन्मभर सोडली नाहीं.

पंधराव्या वर्षीं, म्हणजे १७०० सालीं, तो उत्तरेकडील ल्यूनेबुर्ग येथें संत मिखाएल मंदिराच्या गायकवर्गांत दाखल झाला, आणि १७०३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, आर्नस्टाट या गांवच्या नव्या मंदिरांत त्यास ऑर्गनवादकाची जागा मिळाली. येथें जी गोष्ट घडली तिच्यावरच आमच्या मतें या चरित्राचा सर्व भर आहे. म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों.

त्या काळीं उत्तर जर्मनींत ल्यूबेक शहरीं बुक्स्टेहुड नांवाचा वृद्ध वादक फार गाजत होता. त्याचें वादन ऐकावें, म्हणून बाखनें १७०५ च्या शरदऋतूंत चार आठवड्यांची रजा मागून घेतली व तो निघाला. अंतर अडीचशें मैलांहून अधिक, आणि तें त्यानें पायीं काटलें. तेथें ऐकावयास मिळालें तें इतकें अपूर्व होतें कीं, चार आठवड्यांचे जवळ जवळ चार महिने झाले. १७०६ च्या आरंभीं तो परत आला तेव्हां मंदिराच्या अधिकाऱ्यांनीं त्यास बोलावून जाब विचारला. रजा ओलांडल्याबद्दल तर विचारलेंच. पण त्याहून मोठा आरोप निराळा होता. मंडळी नेहमींचें गीत म्हणत असतां हा तरुण चालीवर इतक्या विचित्र करामती करितो, आणि तिच्यांत इतके परके सूर मिसळतो, कीं लोक गोंधळून जातात व त्यांस पुढचा सूर सांपडत नाहीं. गीतापूर्वीं तो फार वेळ वाजवीत बसतो, अशीहि तक्रार होती. आणि त्याबद्दल सूचना मिळतांच तो दुसऱ्या टोकास जाऊन अगदींच थोडें वाजवूं लागला, हेंहि त्याच चौकशींत पुढें आलें.

वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल कीं, हे अधिकारी मूर्ख असले पाहिजेत. एवढ्या मोठ्या कलावंताची त्यांस पारख नव्हती. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या मंडळीस गावयाचें आहे तिचेंच गाणें बंद पडलें, तर ती साथ कितीहि विद्वत्तापूर्ण असली तरी तिचें काम फसलें. बाखच्या हातीं सामर्थ्य होतें, मनांत नव्या नव्या स्वरसंघांची गर्दी झाली होती, पण तें सर्व चालीच्या सेवेस कसें लावावें हा प्रश्न सुटावयाचा होता. उलटपक्षीं, अधिकाऱ्यांचें म्हणणें ऐकून त्यानें ते परके सूर सोडून दिले असते व चार चौघांसारखे ठराविक संघ वाजविले असते, तर जगाचें अपरिमित नुकसान झालें असतें. लोकांस परिचित असलेली चाल तशीच स्पष्ट राहावी, आणि तिच्याखालीं मात्र पूर्वीं कोणीं न ऐकलेलें सखोल जग उघडावें, हें दोन्ही एकदम साधणें शक्य आहे काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यांत त्याचीं पुढचीं चव्वेचाळीस वर्षें गेलीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

१७०७ सालीं तो म्यूलहाउझेन येथें गेला, व त्याच वर्षीं नात्यांतीलच मारिआ बार्बारा हिच्याशीं त्याचा विवाह झाला. दुसऱ्याच वर्षीं वायमारच्या दरबारीं ऑर्गनवादकाची नोकरी लागली. येथें त्यानें एक लहानशी वही आंखून तिच्या पानांवर १६४ गीतांचीं नांवें आधींच लिहून ठेविलीं. प्रत्येक चालीवर ऑर्गनसाठीं एक एक रचना करावयाची, असा संकल्प. त्यांपैकीं ४६ पुऱ्या झाल्या. वहीच्या मुखपृष्ठावर त्यानें पुढें असा भाव व्यक्त केला कीं, ही वही परात्पर देवाच्या सन्मानासाठीं व शेजाऱ्यास शिकण्यासाठीं आहे. आर्नस्टाट येथें साथ म्हणून जें लोकांस जड झालें, तें येथें स्वतंत्र रचनेंत शिस्तीनें बसूं लागलें. चाल बहुधा वरच्या आवाजांत अखंड चालते, आणि खालच्या आवाजांत गीताचा भाव सांगणारी एखादी लहानशी स्वराकृति पुनः पुनः येते.

बाख हा शांत व सोशिक संत होता अशी कल्पना कोणीं करून घेऊं नये. त्याचा स्वभाव हट्टी होता, व वरिष्ठांशीं त्याचे खटके वारंवार उडत. १७१७ सालीं क्योथेन येथील राजपुत्र लेओपोल्ड यानें त्यास बोलाविलें. तेव्हां वायमारच्या ड्यूककडे त्यानें नोकरींतून मुक्तता इतक्या हट्टानें मागितली कीं, ६ नोव्हेंबरपासून २ डिसेंबरपर्यंत त्यास कैदेंत राहावें लागलें. क्योथेनचा दरबार कॅल्व्हिनच्या पंथाचा असल्यामुळें तेथें उपासनेंत वाद्यसंगीतास फारसा वाव नव्हता. म्हणून या काळांत त्याच्या हातून वाद्यांसाठींच मुख्यत्वें रचना झाल्या. १७२२ सालीं त्यानें एक ग्रंथ सिद्ध केला, त्यांत बाराहि सुरांस क्रमानें षड्ज मानून प्रत्येकाच्या आनंदी व खिन्न अशा दोन्ही प्रकारांत, एकूण चोवीस जोड्या रचिल्या. कोणत्याहि पट्टींत वाजविलें तरी कानास खटकूं नये, अशा रीतीनें वाद्य लावतां येतें, व मग एका पट्टींतून दुसरींत जाण्याचे सर्व मार्ग खुले होतात, हें त्यानें प्रत्यक्ष करून दाखविलें.

याच काळांत त्याच्यावर फार मोठा घाव पडला. १७२० च्या उन्हाळ्यांत तो राजपुत्राबरोबर कार्ल्सबाड येथें गेला होता. निघतांना घरीं सर्व कुशल होतें. जुलैमध्यें परत येऊन पाहतो तों पत्नी वारलेली, आणि तिचें दफनहि झालेलें. लहान मुलें मागें राहिलीं होतीं. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें आन्ना माग्डालेना या गुणी गायिकेशीं दुसरा विवाह केला. तिनें घर सांभाळलें, सावत्र मुलांस वाढविलें, आणि पतीच्या शेंकडों पानांच्या सुवाच्य प्रती करून दिल्या. तिचें हस्ताक्षर पतीच्या हस्ताक्षरासारखेंच होत गेलें होतें. दोन्ही विवाहांपासून बाखला वीस मुलें झालीं, त्यांपैकीं दहाच मोठेपणापर्यंत जगलीं. दहा वेळां आपल्या अपत्यास मातींत ठेवून आलेल्या मनुष्यानें मरणावरील गीतांस सूर दिले आहेत, ही गोष्ट ते सूर ऐकतांना विसरतां येत नाहीं.

१७२३ सालीं तो लाइप्झिग शहरीं संत थोमाच्या शाळेंत गायनशिक्षक म्हणून आला, आणि मरेपर्यंत तेथेंच राहिला. नगरसभेची पहिली पसंती टेलेमान व नंतर ग्राउप्नर यांस होती. ते येऊं न शकल्यामुळें ही जागा बाखकडे आली. शाळेच्या वसतिगृहांतील मुलांस गाणें शिकवावयाचें, त्यांच्याकडून शहरांतील चार मंदिरांच्या उपासनेचें गायन करून घ्यावयाचें, आणि मुख्य मंदिरांसाठीं रविवारोरविवार मोठी रचना सिद्ध ठेवावयाची, असें हें काम होतें. पहिलीं कांहीं वर्षें त्यानें जवळ जवळ दर आठवड्यास एक नवी रचना केली. त्यांपैकीं सुमारें दोनशें आज उपलब्ध आहेत. १७२४ च्या जूनपासून पुढच्या मार्चपर्यंत त्यानें सुमारें चाळीस रचना केल्या त्या प्रत्येकी मंडळीच्या एकेका परिचित गीतावर आधारलेल्या आहेत. वाद्यें व गायक यांनीं कितीहि भव्य इमारत उभारिली तरी बहुतेक रचनांचा शेवट साध्या, चार आवाजी गीतानें होतो. रसाळ प्रवचन संपून सर्व मंडळी प्रार्थनेस एकत्र यावी त्याप्रमाणें.

ज्यांच्या जिवावर हें सर्व चालावयाचें तीं मुलें मात्र सर्वच गाणारीं नव्हतीं. १७३० सालीं बाखनें नगरसभेकडे एक निवेदन पाठविलें, त्यांत आपल्या ५४ विद्यार्थ्यांचा हिशेब दिला आहे: १७ उपयोगी, २० अद्याप तयार न झालेले, आणि १७ अगदीं निरुपयोगी. शिक्षकाचा धंदा करणारास हे आंकडे वाचून हसूंहि येतें व सहानुभूतिहि वाटते. नगरसभेनें विशेष कांहीं केलें नाहीं. तरीहि याच मुलांच्या कंठांतून जगांतील अत्यंत उदात्त संगीत प्रथम बाहेर पडलें.

त्यांत श्रेष्ठ म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानावरून रचिलेलें प्रभूच्या दुःखसहनाचें गायन. तें १७२७ च्या उत्तम शुक्रवारीं संत थोमा मंदिरांत प्रथम झालें असें मानितात. या गायनांत एक चाल पांच वेळां येते. ती मूळची हास्लर नांवाच्या रचनाकाराची, १६०१ सालीं छापलेली, आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं, ती आरंभीं एका प्रेमगीताची चाल होती. पुढें पाउल गेरहार्ट या कवीचें, कांट्यांच्या मुगुटानें रक्तबंबाळ झालेल्या प्रभूच्या मस्तकाविषयींचें गीत त्या चालीवर गाण्याचा प्रघात पडला. बाखनें ही चाल प्रथम घेतली ती ख्रिस्त शिष्यांस मेंढपाळ व मेंढरें यांविषयीं सांगतो तेथें. थोड्याच वेळानें, पेत्र आपण कधींहि सोडून जाणार नाहीं अशी प्रतिज्ञा करितो तेथें, तेच स्वरसंघ पुनः येतात, पण अर्ध्या सुरानें खालीं. जणूं आत्मविश्वासाचा पाया थोडा खचला. तिसऱ्यांदा ती पिलाताच्या पुढें येते, चवथ्यांदा शिपाई प्रभूची थट्टा करितात तेव्हां, आणि पांचव्यांदा प्रभूनें प्राण सोडल्यावर लगेच. या शेवटच्या वेळीं चाल तीच असून खालचे आवाज अर्ध्या अर्ध्या सुरानें असे सरकत जातात कीं, ओळखीच्या घरांतील दिवे एकामागून एक मालवले जात आहेत असें ऐकणारास वाटतें.

आणि हीच चाल त्यानें १७३४ सालच्या ख्रिस्तजन्माच्या मोठ्या गायनांतहि घेतली आहे: पहिलें चार आवाजी गीत तिच्यावर, आणि शेवटचें गीतहि तिच्यावरच, शेवटीं मात्र तुताऱ्या व नगारे यांच्या विजयघोषांत. दुःखाची म्हणून लोकांस ठाऊक असलेली चाल गव्हाणीपाशीं आणि विजयाच्या वेळीं ऐकूं यावी, यांत मोठा अर्थ आहे असें आम्हांस वाटतें. वरची चाल सर्वांची, सर्वांस पाठ असलेली; तिचा एक सूरहि न हिरावतां बाखनें तिच्याखालून दुःख, भीति, मरण आणि जय हीं सर्व वाहविलीं. आर्नस्टाटच्या अधिकाऱ्यांस याहून चांगलें उत्तर कोण देऊं शकला असता? परके सूर तर येथेंहि आहेत, किंबहुना तेथल्यापेक्षां अधिक धीट आहेत. पण त्यांतील एकहि सूर वादकाच्या कौशल्याचें प्रदर्शन करण्यासाठीं आलेला नाहीं.

ही कला तो शिष्यांस कशी शिकवी, याची माहिती त्याचा पुत्र कार्ल फिलिप एमान्युएल यानें पुढें लिहून ठेविली आहे. बाख कोरड्या नियमांपासून आरंभ करीत नसे. प्रथम विद्यार्थ्यास एक बास देई, त्यावर आंकडे मांडलेले असत. आंकडे पाहून वरचे संघ शुद्ध चार आवाजांत लिहावयाचे. हें साधलें कीं गीतांच्या चाली घ्यावयाच्या. आरंभीं बास तो स्वतः लिहून देई, म्हणजे वर चाल व खालीं बास असे दोन कांठ बांधलेले. विद्यार्थ्यानें मधले आल्टो व टेनर शोधावयाचे. मधले आवाज सुबोध व गाण्याजोगे होऊं लागले म्हणजे मग बासहि विद्यार्थ्यानेंच शोधावयाचा. या क्रमांतील शहाणपण लक्षांत घेण्याजोगें आहे. मधल्या आवाजांस कोणी टाळ्या देत नाहीं. चाल सोप्रानोकडे असते, आणि भार बासकडे. पण आल्टो व टेनर यांस नीट वाट सांपडली नाहीं तर वरचा गोडवा व खालचा भक्कमपणा एकमेकांस कधींच भेटत नाहींत. म्हणून गुरूनें शिष्यास प्रथम मधल्यांचीच सेवा करावयास लाविलें.

बाख आपल्या पुष्कळ हस्तलिखितांच्या आरंभीं येशूची मदत मागणारीं दोन अक्षरें लिही, आणि शेवटीं गौरव केवळ देवाचें अशा अर्थाचीं तीन अक्षरें लिही. हा त्याचा रिवाज केवळ मंदिरासाठीं केलेल्या कृतींपुरताच नव्हता. साम्राज्याचे मान त्यास फारसे लाभले नाहींत. १७४७ सालीं प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानें त्यास पॉट्सडाम येथें बोलावून एक स्वररचना दिली, व तिच्यावर त्यानें तेथल्या तेथें वादन केलें, हा त्याच्या उतारवयांतील एक मोठा सन्मान होय. त्याच वर्षीं, १६८५ त, जन्मलेला व त्याच्या गांवापासून फार दूर नसलेल्या हाले येथील हेंडेल हा लंडनमध्यें कीर्तीच्या शिखरावर होता. पण या दोघांची भेट कधींच झाली नाहीं.

शेवटीं डोळे गेले. १७५० च्या वसंतांत टेलर नांवाच्या एका फिरत्या इंग्रज नेत्रवैद्यानें त्याच्या डोळ्यांवर दोनदां शस्त्रक्रिया केली, ती फसली, आणि प्रकृतीहि ढांसळली. २८ जुलै १७५० रोजीं संध्याकाळीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, त्यानें देह ठेविला. पुढच्या वर्षीं त्याचा शेवटचा मोठा ग्रंथ छापला गेला, त्याच्या अखेरीस एका गीताच्या चालीवरील रचना जोडली असून, ती त्यानें अंधत्वांत एका मित्रास तोंडीं सांगितली असें तेथें म्हटलें आहे. देवाच्या सिंहासनापुढें उभें राहण्याविषयींच्या गीताचें नांव तिला पुढें मिळालें. अभ्यासकांनीं दाखवून दिलें आहे कीं, ही अगदीं नवी रचना नव्हे. वायमारच्या त्या छोट्या वहींतील एका जुन्या रचनेचें तें नवें रूप आहे. दोन्ही शेजारीं ठेवून पाहिल्यास एक फरक डोळ्यांत भरतो. तरुणपणच्या रूपांत चालीवर वेलबुट्टीचें इतकें दाट काम आहे कीं मूळ चाल शोधावी लागते. शेवटच्या रूपांत ती सर्व नक्षी गळून पडली आहे. चाल जशी मंडळी गाते तशी उघडी चालते, आणि खालचे आवाज तिच्या प्रत्येक ओळीची वाट आधींच झाडून ठेवितात.

त्याच्या मागें फारशी संपत्ति उरली नव्हती. आन्ना माग्डालेना १७६० सालीं धर्मादायाच्या मदतीवर दिवस कंठीत वारली. बाखच्या थडग्यावर खूण नव्हती. १८९४ सालीं सांपडलेल्या ज्या अस्थि त्याच्या म्हणून मानिल्या गेल्या, त्यांस १९५० पासून संत थोमा मंदिरांत जागा मिळाली आहे. त्याच्या मोठ्या कृति लोक बहुतेक विसरले होते. ११ मार्च १८२९ रोजीं बर्लिन येथें वीस वर्षांच्या मेंडेल्सझोननें मत्तयाचें दुःखगायन पुनः सादर केलें, तेव्हांपासून लोकांचें लक्ष त्यांकडे वेधलें. पण त्यापूर्वींच १७८४ ते १७८७ या काळांत त्याचीं चार आवाजी गीतें, सुमारें ३७०, लाइप्झिग येथें चार भागांत छापलीं गेलीं होतीं. त्यांत शब्द नव्हते. केवळ सूर होते. एकच चाल त्या संग्रहांत दोन, तीन, चार वेळां भेटते, आणि प्रत्येक वेळीं खालचे संघ निराळे असतात. तेव्हांपासून जगांत जेथें जेथें कोणी एखाद्या चालीस साजणारे सूर शोधावयास शिकतो, तेथें तेथें हाच संग्रह त्याच्यापुढें उघडला जातो.

विद्यार्थिमित्रांनो, पेटी अथवा ऑर्गन तुमच्या हातीं येईल तेव्हां एक प्रयोग करून पाहा. एखाद्या गीताची पहिली ओळ घ्या, आणि तिच्या प्रत्येक मुख्य सुराखालीं तिन्ही स्वरसंघ पाळीपाळीनें वाजवून कोणता शोभतो तें कानानें ठरवा. घाई करूं नका. जो संघ सर्वांत चमत्कारिक वाटेल तोच निवडण्याचा मोह पडेल, तोहि आवरा. मग घरच्या मंडळींस ती ओळ तुमच्या साथीवर गावयास सांगा. त्यांस ती पूर्वींपेक्षां सोपी वाटली, आणि तरी पूर्वीं न जाणवलेलें कांहीं तिच्यांत जाणवलें, तर तुमची निवड बरोबर उतरली असें खुशाल समजा.